लोखंड तपासता येतं

आजचं मनन एका माणसाच्या मतांवर आहे. तो इंग्लंडच्या मध्य भागातल्या एखाद्या जुन्या कारखानदारीच्या गावात राहतो असं धरू. नाव द्यायची गरज नाही, कारण तिकडे असे पुष्कळ आहेत. उमेदीची वर्षं फिटर म्हणून गेली, आता निवृत्त. सुटीच्या दिवशी तो जतन केलेल्या एखाद्या वाफेच्या रेल्वेवर, नाहीतर जुन्या पंपघरात, एक पैसा न घेता राबतो. घरी भिंतीला बोल्टनं आवळलेलं पोलादी कपाट आहे, त्यात त्याच्या बंदुका. त्याची मतं तीन. चांगलं जुनं यंत्र मोडीत काढणं हा अपराध आहे. वाफेच्या इंजिनाइतकं प्रामाणिक यंत्र माणसानं पुन्हा घडवलं नाही. आणि कायदा पाळून राहणाऱ्याच्या बंदुकीला सरकारनं हात लावू नये.

पहिल्या दोन मतांना आपण मान डोलावतो. तिसरं ऐकलं की कपाळावर आठी पडते. त्या माणसाला मात्र ही तिन्ही मतं एकच वाटतात. ती त्याला एक का वाटतात आणि ती खरंच एक आहेत का, हे आज सावकाश पाहू. त्याची बाजू घ्यायची किंवा त्याला खोडून काढायचं, याची घाई नको. वाचताना जिथं मन रेंगाळेल तिथं त्याला रेंगाळू द्या.

*

पहिल्यांदा वाफ.

डोळ्यांसमोर पहाटेची शेड आणा. गारठा, ओल्या राखेचा वास, अंधारात काळं धूड. हा माणूस आल्याबरोबर काडी पेटवत नाही. आधी पाणी बघतो. बॉयलरच्या तोंडाशी काचेची उभी नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. नुसतं दिसतं त्यावर तो विसंबत नाही. नळीचे कॉक उघडून पाणी बाहेर सोडतो, पुन्हा बंद करतो आणि पातळी जागेवर येते का ते पाहतो. नळी चोंदलेली असेल तर ती खोटं सांगते, आणि खोट्या पातळीवर भरवसा ठेवून माणसं मेलेली आहेत. मग कालची राख काढायची, पुढच्या धूरपेटीतली काजळी काढायची. मग जाळीवर कोळशाचा थर, त्यावर लाकडाच्या ढलप्या, तेलात भिजवलेल्या चिंध्या. आता काडी.

विस्तव लहानच ठेवायचा. पत्रा, नळ्या, रिव्हेट सगळे सारख्या वेगानं तापत नाहीत. घाईनं तापवलं तर सांधे ताणतात आणि पाझरू लागतात. म्हणून तास जातात, मोठं इंजिन असेल तर आदल्या दिवशीच विस्तव घालतात. तेवढ्या वेळात तो तेलाची झारी घेऊन प्रत्येक सांध्यापाशी वाकतो. कुठं किती थेंब लागतात हे त्याच्या हाताला पाठ असतं. दाबमापकाचा काटा हलतो तेव्हा त्याचं अर्धं काम होऊन गेलेलं असतं.

भट्टीच्या छतात शिसं भरलेलं एक बूच असतं. पाणी फार खाली गेलं आणि छत उघडं पडलं, तर आधी ते शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून इशारा देते. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांनी माणसाची चूक आधीच हिशेबात धरली होती.

इथं थोडं थांबा. या यंत्रात काहीच झाकलेलं नाही. आग कुठं, पाणी कुठं, जोर कुठून येतो आणि चाकापर्यंत कसा पोचतो, सगळं नजरेला दिसतं. बिघाड झाला तर कान, हात आणि नाक आधी सांगतात. काही चुकलं तर कोणाचं चुकलं हेही बहुधा लगेच कळतं. आपल्या आयुष्यातल्या किती गोष्टींबद्दल असं म्हणता येईल? त्या माणसाला वाफेचं इंजिन प्रामाणिक वाटतं ते यासाठी.

आणि ते टिकाऊही आहे. विल्टशायरमध्ये क्रॉफ्टनच्या पंपघरात केनेट आणि एव्हन कालव्यासाठी बसवलेलं बोल्टन अँड वॉट कंपनीचं 1812 चं इंजिन आजही त्याच जागी उभं आहे. वाफ दिली की ते ज्या कामासाठी बसवलं तेच काम करतं, कालव्यासाठी पाणी उपसतं. ते बसलं तेव्हा नेपोलियन रशियावर चालून गेला होता.

पण टिकलेलं सगळंच आपोआप टिकलेलं नाही. वेल्समध्ये स्लेटच्या खाणीसाठी घातलेली टॅलिलिन ही अरुंद रुळांची रेल्वे 1950 मध्ये तिचे मालक वारले तेव्हा बंद पडायच्या बेतात होती. टॉम रोल्ट या अभियंता-लेखकानं माणसं जमवली आणि 1951 पासून स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगात अशी ही पहिलीच रेल्वे. पुढं 11 ऑगस्ट 1968 ला ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची गाडी सोडली. तोवर हजारो इंजिनं भंगारात गेली होती. वेल्समधल्याच बॅरी गावच्या वुडहॅम यांच्या भंगारवाड्यात 297 इंजिनं आली होती. तिथं आधी मालडबे तोडायला घेतले, म्हणून इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत वर्षानुवर्षं उभी राहिली. लोकांनी वर्गण्या काढून, सुटे भाग हुडकून, त्यांतली 213 इंजिनं सोडवून नेली. काहींना पुन्हा चालती करायला वीस-वीस वर्षं लागली.

या लोकांनी वाचवलं ते नुसतं लोखंड नव्हे. रिव्हेट कसा ठोकायचा, बॉयलरची नळी कशी फुलवून बसवायची, बेअरिंगमध्ये पांढरा धातू कसा ओतायचा, हे जाणणारी पिढी मावळत होती. म्हाताऱ्या कारागिराशेजारी उभं राहून कोणीतरी ते शिकून घेतलं. यंत्र चालतं ठेवलं तरच ती विद्या चालती राहते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या यंत्रापासून ती कोणाला मिळत नाही. जुनं यंत्र मोडीत काढणं हा अपराध, असं तो म्हणतो तेव्हा त्याला एवढं सगळं म्हणायचं असतं.

*

आता शेडमध्ये आणखी एक माणूस येऊ द्या. त्याच्या हातात बॅटरी आणि लहानशी हातोडी आहे. हा बॉयलर तपासनीस.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बॉयलर फुटणं ही नेहमीची बातमी होती. गिरणीची भिंत उडायची, रस्त्यावरची माणसं भाजून मरायची, आणि मालक म्हणायचे, देवाची इच्छा. विल्यम फेअरबर्न यांच्यासारख्या अभियंत्यांनी ते मानलं नाही. 1850 च्या दशकात मँचेस्टरमध्ये बॉयलर वापरणाऱ्यांनीच संस्था काढून ठरावीक मुदतीनं तपासणी सुरू केली. पुढं विमा कंपन्या आल्या. 1882 च्या कायद्यानं बॉयलरच्या स्फोटाची चौकशी सक्तीची केली. फुटलेल्या बॉयलरचे पत्रे पाहता पाहता कळत गेलं की बहुतेक वेळा कारण साधं असतं. गंज, पातळ झालेला पत्रा, जाम झालेली सुरक्षा झडप, कमी पडलेलं पाणी.

आजही जतन केलेल्या प्रत्येक इंजिनाचा बॉयलर बाहेरचा जाणकार माणूस तपासतो, थंड असतानाही आणि वाफेवर असतानाही. मोठ्या दुरुस्तीनंतर बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरून नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देतात. पाणी दाबानं फारसं आक्रसत नाही, त्यामुळं काही फाटलंच तर स्फोट न होता गळती होते. तपासनिसानं सही केली नाही तर विस्तव नाही. वीस वर्षांची मेहनत असो, लाखो पौंडांचा खर्च असो, गाडीची सगळी तिकिटं खपलेली असोत.

आपला माणूस यावर चिडतो का? नाही. तपासनिसाला तो चहा देतो, स्वतः कंदील धरतो, शंका असेल ती जागा आपण होऊन दाखवतो. त्याचा अपमान होत नाही. उलट तपासणीत उतरलेला बॉयलर हा त्याचा अभिमान असतो.

हे मनात नीट ठेवा. इथून पुढची वाट यावरूनच जाते.

*

आता घरातलं ते कपाट.

त्यात एक ठासणीची बंदूक आहे असं समजा, दीडशे वर्षांपूर्वीची. ती भरायची तर नळीत मोजून काळी दारू घालायची, कापडाच्या तुकड्यात शिशाची गोळी धरून गजानं खाली ठासायची, मग घोड्याखाली टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एका बाराला मिनिटभर जातं. दिवस संपला की गरम पाण्यानं नळी धुवायची, कारण दारूची राख हवेतली ओल धरते आणि रातोरात गंज चढतो. सावकाशी, नेमकेपणा, स्वच्छता, हे सगळं इंजिनासारखंच. ही त्याला यंत्रशाळेतलीच एक वस्तू वाटते, आणि त्यात खोटं काही नाही. आपल्याकडे खंडेनवमीला तलवार, फाळ, शिवणयंत्र आणि लेथ एकाच पाटावर झेंडूची फुलं घेतात. तो भाव मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

इतिहासही त्याच्या बाजूनं बोलतो. जेम्स वॉटनं 1769 मध्ये आपल्या सुधारित इंजिनाचं पेटंट घेतलं, पण पुढं वर्षं गेली तरी इंजिन नीट चालेना. हातानं घडवलेला सिलिंडर खरा गोल नसे, दट्ट्याच्या कडेनं वाफ निसटे. तोड सापडली ती तोफांच्या कारखान्यात. जॉन विल्किन्सननं 1774 मध्ये भरीव ओतलेली तोफ आतून कोरण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं होतं. त्याच अनुभवातून त्यानं सिलिंडर कोरायचं यंत्र उभं केलं. त्यावर कोरलेला 50 इंच व्यासाचा सिलिंडर कुठंही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही चुकत नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टननं लिहिलं. 1776 मध्ये ही इंजिनं कामाला लागली. तोफेची नळी आणि इंजिनाचा सिलिंडर एकाच माणसाच्या कसबातून घडले.

दोन्हींचं कामही मुळात एक आहे. बंद नळीत तापलेला वायू फुगतो आणि पुढ्यात असेल त्याला ढकलतो. फरक इतकाच की इंजिनातला दट्ट्या परत येतो. गोळी परत येत नाही.

या वाक्यापाशी थोडा वेळ बसा. जे परत येतं त्याची चूक बहुधा सुधारता येते.

बंदुकीच्या नळीचीही परीक्षा होते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 मध्ये स्थापन झालं. तिथं प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी टिकली तर तिच्यावर ठसा उमटतो. त्या ठशाशिवाय बंदूक विकणं गुन्हा आहे. पाण्याचा दाब सोसलेला बॉयलर आणि जादा दारू सोसलेली नळी, दोघांची कसोटी एकाच जातीची.

इथवर तो माणूस बरोबर आहे. यंत्र म्हणून पाहिलं तर त्याची तिन्ही मतं एकमेकांना धरून आहेत.

*

आता जड भाग येतो. श्वास संथ ठेवा, पण नजर वळवू नका.

13 मार्च 1996. स्कॉटलंडमधलं डनब्लेन गाव. प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक माणूस पिस्तुलं घेऊन शिरला. पाच-सहा वर्षांची 16 मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. पिस्तुलं परवान्याची होती. त्याआधी 1987 मध्ये हंगरफर्ड गावात 16 जणांचा बळी गेला होता, तिथलीही हत्यारं परवान्याची. डनब्लेननंतर त्या कुटुंबांच्या स्नेह्यांनी त्या दिवसांत फुलणाऱ्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाच्या नावानं मोहीम काढली. सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. 1997 मध्ये दोन कायद्यांनी ब्रिटनच्या मुख्य भूमीवर खासगी पिस्तुलं जवळजवळ पूर्ण बंद केली.

आपल्या माणसाचं दुखणं इथं आहे. त्यानं कोणाला कधी बोटही लावलं नाही. नेमबाजीच्या क्लबात जपून वापरलेलं पिस्तूल त्याला पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. भरपाई मिळाली, पण गुन्हा दुसऱ्याचा आणि दंड आपल्याला, ही सल राहिली. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागलं. गुन्हेगार चोरट्या मार्गानं हत्यारं मिळवतच राहिले, हेही तो सांगतो. यातलं काहीच खोटं नाही. निरपराध माणसाचं दुःख त्या मुलांच्या मरणापुढं लहान आहे, पण लहान आहे म्हणून ते नाहीसं होत नाही. दोन्ही एकत्र मनात धरता येतात का, पाहा.

आता मघाशी जपून ठेवलेलं आठवा. बॉयलर तपासायला आलेल्याला हा माणूस चहा देतो, आणि बंदुकीचा परवाना तपासायला आलेल्याबद्दल मात्र त्याच्या मनात कडवटपणा असतो. कायदा दोन्हीकडे, तपासणी दोन्हीकडे, धोका दोन्हीकडे. मग फरक कुठं पडतो?

मला वाटतं, फरक इथं पडतो. बॉयलर फुटतो तो दुर्लक्षानं. पत्रा पातळ झाला, झडप जाम झाली, पाणी कमी पडलं. ही सगळी लोखंडाची अवस्था आहे आणि लोखंड तपासता येतं. हातोडीचा आवाज बद्द आला की कळतं. चांगली बंदूक मात्र सहसा स्वतःहून घात करत नाही. डनब्लेनची पिस्तुलं बिघडलेली नव्हती, ती उत्तम चालत होती. तिथं तपासायचं होतं ते माणसाचं मन, आणि मनावर जादा दाब देऊन ते कुठं पाझरतं हे पाहण्याची सोय कोणाकडे नाही.

म्हणून बंदुकीची तपासणी झोंबते. बॉयलरचा तपासनीस तुमचं काम तपासतो. परवान्याचा अधिकारी तुम्हाला तपासतो. तुम्ही कोण, कोणाशी कसे वागता, झोप कशी लागते, डॉक्टरांकडे कशासाठी गेला होता. ब्रिटनमध्ये बंदूक ठेवायला सबळ कारण द्यावं लागतं आणि स्वसंरक्षण हे कारण धरलं जात नाही. ओळखीच्यांची ग्वाही लागते, कपाट दाखवावं लागतं, डॉक्टरांची माहिती जाते आणि पाच वर्षांनी सगळं पुन्हा. ज्याला स्वतःबद्दल खात्री आहे त्याला हे अपमानासारखं वाटणं साहजिक आहे.

पण ती खात्री बाहेरून दिसत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये प्लिमथ शहरातल्या कीहॅम भागात परवान्याच्या शॉटगननं पाच जणांचा बळी घेतला गेला. मारहाणीच्या प्रकरणानंतर काढून घेतलेली ती बंदूक मारेकऱ्याला काही आठवड्यांपूर्वीच परत दिली होती. कागद होता, सही होती, कपाटही होतं. माणूस नीट पाहिला गेला नव्हता. त्या सहीची किंमत पाच जणांनी मोजली, त्यांत तीन वर्षांची एक मुलगी होती.

जुनं म्हणजे निरुपद्रवी, हेही इथं टिकत नाही. शोभेसाठी ठेवलेल्या पुरातन बंदुकांना ब्रिटनच्या कायद्यात फार दिवस सूट होती. गुन्हेगार जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसं बनवून घेऊ लागले, तेव्हा 2021 च्या नियमांनी काही प्रकारांची सूट काढून घेतली. दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीतून सुटलेली गोळीही गोळीच असते.

*

आता एक पाऊल आपल्या बाजूनं. राज्यकर्त्यानं प्रजेवर दाखवलेला प्रत्येक अविश्वास योग्यच असतो, असं मराठी वाचकाला कोणी सांगू नये. 1870 मध्ये ब्रिटनमध्ये दहा शिलिंग भरले की बंदूक बाळगण्याचा परवाना टपाल कचेरीत मिळत होता. 1878 मध्ये त्याच ब्रिटिशांनी हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आणला. भारतीयाला परवान्याशिवाय शस्त्र ठेवता येईना, युरोपियनांना मात्र सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव झाले. तिथं कोणाचंच मन तपासलं जात नव्हतं. रंग पाहून आधीच निकाल लागलेला होता.

म्हणून त्या माणसाच्या मनातली सरकारबद्दलची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. शस्त्र कोणाकडे असावं हे ठरवणारा हात अन्यायी असू शकतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलं आहे. पण 1878 चा कायदा आणि 1997 चे कायदे शेजारी ठेवून पाहा. पहिला जित लोकांवर लादला गेला आणि लादणाऱ्यांनी स्वतःला वगळलं. दुसरे उघड वादातून, निवडून आलेल्या संसदेत झाले आणि लॉर्डापासून गवंड्यापर्यंत सर्वांना लागू झाले. अविश्वास सर्वांवर सारखा असेल, कारण उघड सांगितलेलं असेल आणि प्रश्न विचारायची मुभा असेल, तर तो सोसण्याजोगा होतो. हे निकष कुठल्याही कायद्याला लावून पाहता येतील.

*

शेवटी हा विचार स्वतःकडे वळवा.

तुमच्या ताब्यात अशी कोणती वस्तू आहे, जी दुसऱ्याचं नुकसान करू शकते? गाडी असेल. शेतातली उघडी विजेची तार असेल. घरातली जुनी तलवार असेल. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर ती खुर्चीही त्यातच धरा. एकच वस्तू निवडा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. तिची काळजी मी शेवटची कधी घेतली? आणि ती वापरणाऱ्या मला शेवटचं कोणी तपासलं?

पहिल्याचं उत्तर बहुधा सोपं जातं. दुसऱ्यापाशी मन आखडतं. मला कोणी का तपासावं, हा सूर आतून उमटेल. तो उमटू द्या, दाबू नका. इंग्लंडमधला तो फिटर हाच सूर लावतो, आणि तोही वाईट माणूस नाही.

मग त्याच्याच शेडमधली शिकवण त्याला आणि स्वतःला सांगा. भट्टीच्या छतात शिशाचं बूच बसवणाऱ्यानं चालकाचा अपमान केला नव्हता. कसलेल्या चालकाचंही लक्ष एखाद्या दिवशी उडेल, हे त्यानं गृहीत धरलं होतं, त्यात तो स्वतःही आला. मनाला तसं बूच बसवता येत नाही. म्हणून तिथं दुसऱ्या माणसाची नजर लागते, पुन्हा पुन्हा लागते, आणि तरीही कधी अपुरी पडते. जिथं त्या अपुरेपणाची किंमत शाळेतली मुलं मोजतात, तिथं पिस्तुलासारख्या काही वस्तू घरात नसलेल्याच बऱ्या, असं मी विचारांती मानतो. ठासणीची बंदूक त्यानं जरूर ठेवावी, धुवावी, तिच्या नळीवरचा ठसा नातवाला दाखवावा. तिची विद्याही इंजिनाच्या विद्येइतकीच जपण्याजोगी आहे.

पण जपणं म्हणजे फक्त तेल घालणं नव्हे. इजा करू शकणारी वस्तू ज्याच्या हातात आहे, त्यानं तपासणीला उभं राहणं हा त्या वस्तूवरच्या प्रेमाचाच भाग आहे. ती तपासणी वेळेवर, नीट आणि सर्वांची सारखी करणं हे कायद्याचं काम आहे. या दोहोंपैकी एक जरी चुकलं तरी भोगतो तो तिसराच, ज्यानं ते इंजिन किंवा ती बंदूक कधी पाहिलेलीही नसते. मननाच्या शेवटी त्या तिसऱ्या माणसाला मनात जागा द्या, आणि आपल्या ताब्यातल्या वस्तूबद्दल आज करता येण्याजोगी एक गोष्ट ठरवून उठा.